नाव घेत नाही, पण…

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला काही केल्या झोप लागेना. "ताई, माझा विश्वास आटत चाललाय की काय," असं म्हणालीस ना, तेच डोक्यात घोळत राहिलं. फोनवर मी नुसतं "अगं, काही नाही होत" करून मोकळी झाले. तुझ्या मागे धाकटा रडत होता, सासूबाई काहीतरी विचारत होत्या, आणि इकडे माझं दूध उतू चाललं होतं. म्हणून आज नीट बसून लिहिते. एका बैठकीत वाचून काढायलाच हवं असं काही नाही, जमेल तसं वाच. फक्त भाकरी थापता थापता वाचू नकोस. मी एकदा तसं केलं, तर माझ्या बायबलात याकोबाच्या पत्रावर ज्वारीच्या पिठाची चार बोटं उमटली. अजून आहेत ती तिथं.

खरं सांगू का, तू दमली आहेस. दमणं वेगळं आणि विश्वास आटणं वेगळं, पण आपण बायका दोन्हीची हमखास गल्लत करतो. पहाटे पाचला उठायचं, डबे, पोरांच्या अंघोळी, मग करमाळ्याची एसटी, दिवसभर नोकरी, परत येताना भाजी, आल्यावर पुन्हा चूल. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकतेस आणि पलंगाच्या कडेला डोकं लागलं की घोरायला लागतेस. तू त्याला पाप म्हणतेस. मी त्याला झोप म्हणते. एलीयाची गोष्ट आठव. बिचारा कंटाळून झुडपाखाली पडला, म्हणाला आता मरण आलं तर बरं. तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला का? नाही. निखाऱ्यावरची भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठल्यावर पुन्हा जेवायला घातलं. देवाला आपलं शरीर कळतं बघ. आपल्यालाच कळत नाही.

तेव्हा आज रात्री दोन वाक्यांची प्रार्थना कर आणि झोप. ही माझी आज्ञा समज.

पण मोह नाहीतच, असं मी म्हणणार नाही. ते आहेत, आणि तू शोधतेयस तिथं नाहीत. मोह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारू, जुगार, असलं काहीतरी येतं. त्यातलं काही तुझ्या दारात येणार नाही गं, तुला वेळ कुठाय! प्रभूला रानात पहिला मोह झाला तो कशाचा, बघ. भाकरीचा. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसापुढे भाकरी. त्यात वाईट काय दिसतं सांग? आणि लूकानं शेवटी लिहून ठेवलंय की सैतान त्याला सोडून गेला, पण पुढची संधी येईपर्यंतच. मला ते वाचताना नेहमी आपलं स्वयंपाकघर आठवतं. त्याची संधी म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. कुकर लावलेला, लाइट गेलेली, एकाचा गृहपाठ, एकाचं रडणं, आणि तेवढ्यात सासूबाई सहज म्हणतात, "आमच्या वेळी बाई आम्ही…"

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंच्या शेतात गेले होते, उजनीच्या बाजूला. ऊस चांगला छातीपर्यंत आलेला, लांबून हिरवागार. काकूंनी मला एक बेट दाखवलं, पानं जरा पिवळट. म्हणाल्या, "ओढून बघा." मी आपलं जोर लावून ओढायला गेले आणि मागच्या मागे बांधावर बसलेच, कारण ते अख्खं बेट अलगद हातात आलं. खाली मुळंच नव्हती. हुमणी लागलेली. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, तपकिरी डोक्याची. मला तर किळस आली. काकू म्हणाल्या, रानडुक्कर आलं तर आवाज येतो, कुत्री भुंकतात, माणूस काठी घेऊन धावतो. हिचा आवाज येत नाही. आणि ही रोखायची तर तिचा मोसम वेगळाच. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून बाभळीवर, कडुनिंबावर बसतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. ते राहून गेलं की ते मातीत अंडी घालतात, आणि मग पावसाळाभर मुळं कुरतडली जातात.

आता मी माझी मुळं कुठं कुरतडली गेली ते सांगते. हसू नकोस. म्हणजे आधी हस, पण नंतर हसू येणार नाही.

तुला ठाऊक आहे, आपली गुरुवारची बायकांची प्रार्थना सभा. कधी एकीच्या घरी, कधी दुसरीच्या. तेव्हा आम्ही आठ-नऊ जणी असू. गाणं व्हायचं, वचन व्हायचं, मग प्रार्थनेचे विषय. त्या विषयांच्या वेळी मी फार खुलायचे. आपल्यातल्याच एका बाईच्या घरी नवरा-बायकोचं बिनसलं होतं. ती माझ्याशी एकदा स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघताना मन मोकळं करून बोलली होती. गाडी तास-सव्वा तास लेट, त्यामुळे सगळंच बोलली. आणि मी त्या गुरुवारी गंभीर चेहरा करून म्हटलं, "नाव घेत नाही, पण आपल्यातल्या एका बहिणीच्या संसारासाठी प्रार्थना करा. पती रागीट आहेत. दोन महिने पगार घरात दिलेला नाही."

नाव घेत नाही! अगं, नऊ जणींत रागीट पती किती आणि पगारदार किती? सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. आणि तिची सख्खी जाऊ माझ्या समोर, सतरंजीवर बसलेली. माझ्या लक्षातच नाही.

त्या क्षणी मला कसं वाटत होतं, ते सांगते, कारण ओळखायची खूण तीच आहे. मला फार छान वाटत होतं. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे, सगळ्या माना आपल्याकडे वळल्यात, "अरेरे" म्हणतायत, आणि हे सगळं प्रार्थनेच्या नावाखाली. कुणाच्या ओट्यावर उभं राहून मी हेच बोलले असते तर मला स्वतःलाच कुटाळकी वाटली असती. इथं बायबल मांडीवर होतं, म्हणून ती सेवा झाली.

पुढच्या रविवारी ती बाई समोरून आली आणि सलाम न करता निघून गेली. मला कळलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग जा आणि तोंडानं माफी माग. तोंडानंच केलंस ना?" मी चार दिवस टाळलं. मग एका दुपारी डब्यात करंज्या भरून गेले. करंज्या कशाला, ते विचारू नकोस, मोकळ्या हातानं जायची हिंमत नव्हती. ती पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत बसली होती. बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी दारात उभी राहून जे बोलायचं ते बोलले. ती वाटत राहिली. वरवंट्याचा आवाज तेवढा. मग थांबून, वर न बघता तिनं विचारलं, "ताई, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केली होती का? एकदा तरी?"

केली नव्हती गं. आठ बायकांना करायला लावली आणि मी स्वतः त्या रात्री घरी जाऊन भात टाकला, मालिका बघितली आणि झोपले.

ते उत्तर मी दिलं तिला. खोटं बोलायची शेवटची संधी होती, ती कशी कोण जाणे सोडली. तिनं डबा घेतला, पण त्या दिवशी तरी उघडला नाही. हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. आमचं आता बोलणं आहे, येणंजाणं आहे, पण तिनं परत कधी मला मनातलं काही सांगितलं नाही. ते गेलं ते गेलंच.

तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तो तुलाही लावते, आवडो न आवडो. दुसऱ्याचा विषय सभेत मांडायचा नाही, जोवर आपण स्वतः त्या माणसासाठी घरी, एकटीनं, तीन दिवस प्रार्थना केलेली नाही आणि त्याला विचारलेलं नाही. बघ, गंमत कशी आहे, तीन दिवस खरोखर प्रार्थना केली की सांगायची खाज आपोआप जाते. दहापैकी नऊ विषय तिथंच संपतात.

बाकीचे मोह याच जातीचे. चांगुलपणाच्या पिशवीतून येतात. एकदा बाजारात चिलापी घेतली, मासेवाल्यानं पन्नास रुपये जास्त परत दिले. मी अर्ध्या वाटेवरून मागे गेले आणि देऊन आले. छान झालं की नाही? पण संध्याकाळपर्यंत मी ते चार घरी सांगितलं होतं. पन्नास परत केले आणि कौतुकात दोनशे वसूल केले. दुसऱ्या एका वर्षी लेंटमध्ये चहा सोडला. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, दुसऱ्या आठवड्यात पोरांवर ओरडायला लागले, तिसऱ्या आठवड्यात कुणी चहाला बोलावलं की "नाही हं, माझा उपास आहे" हे असं म्हणायचे की समोरच्या बाईला स्वतःचा कप लपवावासा वाटावा. शेवटी आमचे हे म्हणाले, "प्रभूसाठी सोडलास, आता आमच्यासाठी परत घे." घेतला बाई. पुढच्या वर्षी चहा ठेवला आणि ओरडणं सोडायचं ठरवलं. ते जास्त अवघड निघालं, आणि कुणाला सांगताही येईना, कारण सांगितलं तर आधी ओरडत होते हे कबूल करावं लागतं.

मोबाइलचं तर तुलाच जास्त ठाऊक. पहाटे बायबल वाचायला म्हणून हातात घ्यायचा, आणि वरून मेसेजची पट्टी खाली येते. मग कुणाच्या नव्या किचन ट्रॉल्या, कुणाची नाताळची पैठणी, कुणाच्या पोराचे मार्क. अर्धा तास जातो, आणि उठताना आपलं घर आधीपेक्षा जुनं दिसायला लागलेलं असतं. माझा इलाज साधा आहे, पहाटे कागदाचं बायबल, फोन फ्रिजवर. आणि वचनांची चित्रं चाळीस जणांना पाठवायच्या आधी एकदा स्वतः वाचत जा. मी एका वर्षी, घाईघाईत, फुगे आणि केकचं चित्र असलेलं "हॅपी गुड फ्रायडे" आमच्या पाळकसाहेबांना पाठवलं होतं. त्यांनी नुसते दोन हात जोडलेले पाठवले. रविवारी मी मागच्या बाकावर बसले.

आता जरा अवघड विषय. तू म्हणालीस, शेजारणी हळदीकुंकवाला बोलावतात आणि तुला काय करावं कळत नाही. तुझी आई गेली असती का, सासूबाई काय म्हणतील, पाळकसाहेब काय म्हणतील. बघ, आपण राहतो जेऊरला. दोन-तीन स्टेशनं पुढे केम, तिथलं कुंकू सगळीकडे जातं. इथं संक्रांतीत हळदीकुंकू नाही तर काय असणार? जायचं की नाही, कपाळाला लावायचं की नाही, हे तुझं तू देवापुढे ठरव. मी जाते, तिळगूळ घेते, आणि कुंकवाचं बोट पुढे आलं की हसून सांगते, "आमच्यात नाही हो, पण तुमचा मान पोचला." आजपर्यंत कुणी रागावलेलं नाही. माझ्या मते मोह त्या करंड्यात नाहीच. तो तिथं बसल्यावर मनात येतो, आणि दोन्ही बाजूंनी येतो. इथं नवीन होते तेव्हा मला लाज वाटायची. कुणी विचारलं "तुम्ही कोण?" की मी गावाचं नाव सांगायचे, आडनाव तोंडातल्या तोंडात, आणि ख्रिस्ती हा शब्द गिळून टाकायचे. पेत्रानं तीनदा केलं, मी किती वेळा केलं ते मोजलं नाही. मग काही वर्षांनी धीर आला, तर त्याच्याबरोबर ऐट आली. तीच मी, त्याच सतरंजीवर, वाणाची वाटी हातात घेऊन मनात म्हणतेय, बिचाऱ्या, यांना काही कळत नाही, बरं झालं आपण अशा नाही. लूकातला परूशी मंदिरात उभा राहून जे बोलला तेच की हे. त्याला निदान उभं तरी राहावं लागलं, मी मांडी घालून.

आणि त्याच बायका, माझं ऑपरेशन झालं तेव्हा, बारा दिवस आळीपाळीनं डबा देत होत्या. आठवलं तरी कान गरम होतात.

तू लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलंयस ना? शाळेत धडा होता एवढ्यावर भागवू नकोस, अख्खं वाच. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत नांदायला आल्या, पण सोवळं काही सुटेना. आणि ते सगळं त्यांनी स्वतः लिहिलंय, स्वतःला हसत हसत. टिळक घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकायचे, आणि मग लक्ष्मीबाईंची चिडचिड. देणारा नवरा संत ठरतो आणि डबा रिकामा बघणारी बायको कटकटी, हे तेव्हाही होतं बघ. मला त्या बाईंचा आधार वाटतो तो यासाठी की त्यांनी स्वतःला कुठं देव्हाऱ्यात बसवलं नाही. आपल्याकडे साक्ष द्यायला उभं राहिलं की जो तो आधी मी किती वाईट होतो आणि आता किती चांगला आहे, असं सांगतो. आता मी काय घोळ घालतेय, हे सांगणारं कुणी भेटलं की मला हायसं वाटतं.

आणि पंडिता रमाबाई. आपण दौंडवरून पुण्याला जाताना केडगाव लागतं. पुढच्या वेळी तिथं उतर, पोरांना घेऊन जा, त्यांचं मुक्ती मिशन बघ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, एवढी विद्वान बाई, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसली, हिला कसले आलेत मोह आणि शंका! मग कळलं की त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना सरळ सांगून टाकलं की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं लागली. आठ वर्षं गं! आणि ते लिहिलं कधी, तर सगळं जग त्यांना मान देत होतं तेव्हा. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? तुझ्या लग्नाला तर आत्ता कुठं काही वर्षं झालीत, त्यातलीही बरीचशी बाळंतपणांत गेली.

म्हणून विश्वास आटला वगैरे मोठी वाक्यं मला ऐकवू नकोस. रात्री अंथरुणावर पडलीस की एवढंच बघ, आज आपण कशात स्वतःवर खूश झालो. चिडलो कुठं, चुकलो कुठं, हे तुला सांगावं लागत नाही, ते तू आपणहून उगाळत बसतेस आणि रडतेस. खूश कुठं झालो ते बघ. भुंगेरा बहुधा त्या फांदीवर असतो. दिसला की त्याच रात्री झटकायचा. मुलांवर ओरडलीस तर झोपायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन "आईचं चुकलं" म्हण. पोरं अर्धवट झोपेत "हो" म्हणतात आणि कुशीवर वळतात, संपलं. नवऱ्याला म्हणायला जरा जास्त जड जातं. मी अजून शिकतेय, त्यामुळे त्यात सल्ला देणार नाही.

सासूबाईंचं राहिलंच. त्यांच्या "आमच्या वेळी" वर उत्तर द्यायचं नाही, त्यांना लसूण सोलायला द्यायचा. हात गुंतले की बोलणं गोड होतं. शिवाय संध्याकाळचा तुझा एक चहा, साडेसहाच्या आत, खाली बसून. हा चहा लेंटमध्येही सोडायचा नाही.

येत्या गुरुवारी सभा माझ्याकडे आहे. पोरांना घेऊन ये, दंगा केला तरी चालेल, इथं कुणाची मुलं मुकी नाहीत. येताना काही करून आणू नकोस, हेही बजावून सांगते, नाहीतर दुपारभर राबून येशील आणि गाण्याच्या वेळी पेंगशील. आणि मागच्या वेळी तुझ्या शेजारी बसली होती ना, ती नवीन, निळ्या साडीतली? तिच्याशी जरा प्रेमानं वाग. तिच्या घरी सध्या बघ… म्हणजे मी नाव घेत नाही, पण…

नाही. काही नाही. लसूण सोलायला घेते मी.